रानटी अळंब्यांचे ज्ञान आणि हौशी मंडळे : हेरफर्ड ते न्यूयॉर्क

प्रस्तावना :

रानात उगवणारे कोणते अळंबे खावे आणि कोणते टाळावे, हा प्रश्न स्वयंपाकघराइतकाच ज्ञानाच्या इतिहासाचाही आहे. फुलझाडाची ओळख चुकली तर वाळवलेला नमुना वनस्पतिसंग्रहातील चुकीच्या पाकिटात जाऊन पडतो. अळंब्याची ओळख चुकली तर ती जिवावर बेतते. त्यातच हा जीव अल्पायुषी. पावसानंतर दोन-चार दिवस दिसणारा, कोवळेपणी एका रूपाचा आणि उमलल्यावर दुसऱ्याच रूपाचा. ग्रंथातील चित्र आणि हातातील नमुना यांचा मेळ बसेलच याची खात्री नसते. अशा वस्तूचे विश्वसनीय ज्ञान सामान्य माणसाला मिळावे कोठून ?

युरोप-अमेरिकेत एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून या प्रश्नाला जे उत्तर मिळत गेले, ते मुख्यतः हौशी मंडळांनी दिले. विद्यापीठांचा वाटा त्यात पुष्कळ उशिरा येतो. या मंडळांची दखल बहुधा छंदांच्या इतिहासात, सहल व भोजनाच्या संदर्भात घेतली जाते, आणि त्यांच्या सभासदांनी तशी संधीही भरपूर दिली आहे. परंतु त्यांचे खरे कार्य निराळे होते. ‘हे खाण्याजोगे आहे’ असे म्हणण्याचा अधिकार त्यांनी एका माणसाच्या अनुभवाकडून काढून अनेकांच्या पडताळणीकडे नेला. हे स्थित्यंतर कसे घडले आणि ते अपुरे का राहिले, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

बॅडम यांचे पुस्तक आणि इंग्रजांची भीती :

इंग्लंडमध्ये कुरणातील पांढरे अळंबे वगळता बाकी सर्वांना ‘टोडस्टूल’, म्हणजे भेकाचे आसन, असे म्हणण्याची रीत होती. मराठीतील ‘कुत्र्याची छत्री’ या नावाशी त्याचे नाते सहज लक्षात येते. दोन्ही भाषांनी ही वस्तू क्षुद्र मानलेल्या प्राण्याच्या नावे करून माणसाच्या ताटापासून दूर सारली. चार्ल्स डेव्हिड बॅडम यांनी १८४७ मध्ये इंग्लंडमधील खाद्य कवकांवर ग्रंथ लिहिला, तो या भीतीला उत्तर म्हणून. बॅडम हे वैद्य, पुढे धर्मोपदेशक झालेले. इटलीत राहिल्यामुळे तेथील बाजार त्यांनी जवळून पाहिले होते. आपल्या देशात उत्तम अन्न दरवर्षी रानात कुजून जाते आणि गरीब माणूस त्याला हात लावत नाही, ही त्यांची तक्रार होती.

रोमच्या बाजारात येणारी अळंबी सरकारी निरीक्षक तपासत असे. बॅडम यांनी नोंदवलेली गंमत अशी की, इंग्रज माणूस जे एकमेव अळंबे निर्धास्तपणे खात असे, ते कुरणातील पांढरे अळंबेच रोमचा निरीक्षक टायबर नदीत फेकून देण्याच्या लायकीचे समजत असे. एका देशाचे खात्रीचे अन्न दुसऱ्या देशात विष ठरावे, यावरून या विषयातील लोकज्ञान किती स्थानबद्ध होते ते कळते. गावातील अनुभवी म्हातारीचे ज्ञान तिच्या रानापुरते खरे असते. दुसऱ्या रानात तेच घातक ठरू शकते.

लोकांमध्ये रूढ असलेल्या कसोट्या तर याहून धोक्याच्या. शिजवताना चांदीचा चमचा घातला व तो काळा पडला तर अळंबे विषारी. वरची साल सहज निघाली तर खाण्याजोगे. गोगलगायीने कुरतडले असेल तर निर्धोक. यांपैकी एकही कसोटी टिकत नाही. ‘डेथ कॅप’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या अमॅनिटा फॅलॉइडिस या जातीचे विष चांदीला काळे करीत नाही, तिची साल सहज निघते, आणि माणसाला मारणारे तिचे अंग गोगलगाय सुखाने खाते. शिवाय जे त्यातून वाचले त्यांच्या सांगण्यानुसार ते चवीला चांगले असते.

बॅडम यांच्यानंतर एम. सी. कुक यांचे ब्रिटिश कवकांवरील सुबोध पुस्तक १८६२ मध्ये आले. १८६७ मध्ये वर्दिंग्टन जी. स्मिथ यांनी खाद्य व विषारी जातींचे दोन मोठे रंगीत तक्ते छोट्या पुस्तिकेसह प्रसिद्ध केले. स्मिथ हे कसलेले चित्रकार होते आणि त्यांच्याइतकी बारकाईने अळंबी पाहणारी माणसे त्या काळी थोडी होती. तरीही एन्टोलोमा वंशातील एक अळंबे खाऊन त्यांना गंभीर विषबाधा झाली होती. चित्र काढणाऱ्याचीच ही अवस्था, तर चित्र पाहून रानात जाणाऱ्याची काय ! छापील तक्त्यात अळंब्याचे एकच वय दिसते. लाल छत्रीवरचे पांढरे ठिपके पावसाने धुऊन गेले, बुडाशी असलेली पिशवी मातीत राहून गेली, की तक्ता मुका होतो.

हेरफर्डची ‘स्वारी’ :

येथे वूलहोप नॅचरलिस्ट्स फील्ड क्लब या मंडळाचा उल्लेख आवश्यक ठरतो. इंग्लंडच्या पश्चिम सीमेवरील हेरफर्ड येथे १८५१ मध्ये स्थापन झालेले हे मंडळ मूळचे भूशास्त्राच्या ओढीने जमलेले. त्याचे नावही वूलहोप नावाच्या खडकाळ टेकडी-प्रदेशावरून पडले. अळंब्यांकडे ते वळले ते हेन्री ग्रेव्हज बुल या स्थानिक डॉक्टरांमुळे. १८६८ च्या ऑक्टोबरमध्ये बुल यांच्या पुढाकाराने सभासद टोपल्या घेऊन रानात गेले. या उपक्रमाला त्यांनी ‘फॉरे’ म्हटले. लुटीसाठी शेजारच्या मुलखात केलेली स्वारी असा या शब्दाचा मूळ अर्थ. मराठीतील ‘मुलूखगिरी’ त्याला अगदी जवळची. थट्टेने दिलेले हे नाव पुढे जगभरच्या कवकअभ्यासकांच्या परिभाषेत कायमचे रुजले.

या स्वारीचा क्रम पाहण्यासारखा आहे. दिवसा रानात गोळा केलेले नमुने हेरफर्डला आणले जात, मांडले जात आणि त्यांची नावे ठरवली जात. मग ग्रीन ड्रॅगन हॉटेलात भोजन होई आणि त्यात अळंब्यांचे पदार्थही असत. पुढे निबंधवाचन व चर्चा. दरवर्षी ऑक्टोबरमध्ये भरणाऱ्या या मेळाव्याला हळूहळू देशभरातून माणसे येऊ लागली. कुक आले, स्मिथ आले; किंग्ज लिनचे डॉक्टर चार्ल्स प्लाउराइट आले, श्रूजबरीचे विल्यम फिलिप्स आले. स्मिथ यांनी या मेळाव्यांची विनोदी चित्रेही काढली. त्यांतील छत्र्या घेऊन चिखलात घसरणारे प्रतिष्ठित गृहस्थ पाहिले की मंडळाच्या छंदीपणाची ख्याती का पसरली हे समजते.

परंतु महत्त्वाचे घडत होते ते त्या मांडलेल्या टेबलावर. बुल यांच्या हाती आलेला नमुना स्मिथ पाहत, प्लाउराइट पाहत. मतभेद झाला तर ग्रंथ उघडले जात. तरीही निकाल लागला नाही तर तो रेव्हरंड माइल्स जोसेफ बर्कले यांच्यासारख्या ज्येष्ठांच्या मतावर सोपवता येई. एकाच जातीचे कोवळे, उमललेले, सडलेले, किडींनी पोखरलेले असे अनेक नमुने शेजारी शेजारी ठेवलेले असत. छापील तक्ता जे दाखवू शकत नव्हता, ते हे टेबल दाखवीत होते. नवख्याला तेथे नाव कळे आणि त्याबरोबर नाव ठरते कसे हेही कळे : छत्रीखालच्या पडद्यांचा रंग, दांड्यावरचे कडे, वास, बुडाचा आकार, आणि कागदावर छत्री पालथी ठेवून घेतलेला बीजाणूंचा ठसा. मंडळाच्या वार्षिक वृत्तान्तात जातींच्या याद्या छापल्या जात. म्हणजे एका रात्रीच्या चर्चेचा निकाल दुसऱ्या वर्षी तपासायला उपलब्ध राही.

बर्कले यांचे नाव आले म्हणून एक गोष्ट नोंदवणे योग्य होईल. आयर्लंडमधील दुष्काळाच्या काळात, १८४६ मध्ये, बटाट्यावरील करपा कवकामुळे होतो असे प्रतिपादन करणारे ते हेच धर्मोपदेशक. साम्राज्याच्या कानाकोपऱ्यातून त्यांच्याकडे वाळवलेली कवके येत. सिंहलद्वीपातून आलेल्या एका अळंब्याला त्यांनी १८४७ मध्ये लांब मुळावरून ‘युरायझस’ हे जातिनाम दिले. त्याचा वंश आज टर्मिटोमायसीस या नावाने ओळखला जातो, आणि याच वंशातील अळंबी पावसाळ्यात कोकणात व गोव्यात वारुळांवर उगवतात. तेथील लोक ती जागेवरून ओळखतात. वाळवी आणि हे कवक यांचे नाते टॉम पेच यांनी सिंहलद्वीपात राहूनच अभ्यासले व १९०६ मध्ये प्रसिद्ध केले. वंशाचे स्वतंत्र नाव रॉजर हाइम यांनी १९४२ मध्ये दिले. टपालाने आलेल्या वाळक्या नमुन्यावरून नाव देता येते. पण ते कोठे व कशाच्या आधाराने उगवते हे कळण्यासाठी कोणीतरी वारुळाशी जावे लागते. हेरफर्डच्या मंडळाने नेमका हाच आग्रह धरला होता.

बुल १८८५ मध्ये वारले. त्यांच्यानंतरही काही वर्षे मेळावे होत राहिले. १८९२ नंतर ते थांबले.

यॉर्कशायर, ब्रिटिश मायकॉलॉजिकल सोसायटी आणि वगळलेले अभ्यासक :

हेरफर्डचे सभासद डॉक्टर, धर्मोपदेशक व जमीनदार वर्गातले होते. उत्तरेकडील यॉर्कशायरमध्ये चित्र वेगळे होते. तेथील निसर्गअभ्यासक संघाने १८९२ मध्ये कवकांसाठी स्वतंत्र समिती नेमली. तिच्याशी जोडलेले चार्ल्स क्रॉसलंड हे हॅलिफॅक्सचे खाटीक, तर त्यांचे सहकारी जेम्स नीडम हे हेब्डन ब्रिज येथील लोखंड ओतणारे कारागीर. क्रॉसलंड यांनी जॉर्ज मॅसी यांच्या सोबतीने १९०५ मध्ये यॉर्कशायरच्या कवकांचा ग्रंथ सिद्ध केला. ज्या समाजात पदवी आणि घराणे यांवरून माणसाचे बोलणे तोलले जाई, तेथे खाटकाने केलेली ओळख ग्राह्य धरली गेली, कारण नमुना सर्वांसमोर होता.

१८९६ च्या सप्टेंबरमध्ये सेल्बी येथील अशाच मेळाव्यात ब्रिटिश मायकॉलॉजिकल सोसायटीची स्थापना झाली. मॅसी अध्यक्ष झाले. चिटणीसपद सांभाळणारे कार्लटन री हे वुस्टरचे बॅरिस्टर. त्यांचा बॅसिडिओमायसीट कवकांवरील ग्रंथ १९२२ मध्ये आला आणि त्यांच्या पत्नी एमा एमी री यांनी स्वारीत मिळालेल्या अळंब्यांची जलरंगचित्रे वर्षानुवर्षे काढली. या संस्थेत स्त्रियांना आरंभापासून जागा होती. ॲनी लॉरेन स्मिथ १९०७ मध्ये आणि गुलिएल्मा लिस्टर १९१२ मध्ये तिच्या अध्यक्ष झाल्या.

याच्या उलट लंडनच्या लिनीयन सोसायटीचे उदाहरण ठेवता येईल. पुढे बालकथांसाठी प्रसिद्ध झालेल्या बिअट्रिक्स पॉटर यांनी बीजाणूंच्या अंकुरणावर लिहिलेला निबंध १ एप्रिल १८९७ रोजी तेथे सादर झाला, तेव्हा स्त्री असल्यामुळे त्यांना सभेला उपस्थित राहता येत नव्हते. निबंध मॅसी यांच्यामार्फत गेला. पॉटर यांचे खरे गुरू होते स्कॉटलंडच्या पर्थशायरमधील चार्ल्स मॅकिन्टॉश नावाचे पोस्टमन. रोज मैलोगणती पायी टपाल वाटताना त्यांनी त्या भागातील शेवाळे व कवके पारखली होती. ते पॉटर यांना नमुने टपालाने पाठवीत, पॉटर चित्रे काढून परत पाठवीत, आणि कोणता भाग कापून दाखवला तर जात ओळखता येईल हे मॅकिन्टॉश कळवीत. या चित्रांपैकी अनेक चित्रे १९६७ मध्ये, पॉटर यांच्या मृत्यूनंतर चोवीस वर्षांनी, डब्ल्यू. पी. के. फिंडले यांच्या रानवाटांवरील कवकांच्या मार्गदर्शिकेत छापली गेली. लिनीयन सोसायटीने स्त्रियांना सभासदत्व दिले ते १९०४ च्या अखेरीस.

एका माणसाचे पोट :

अमेरिकेत बॉस्टन मायकॉलॉजिकल क्लब १८९५ मध्ये स्थापन झाला. उत्तर अमेरिकेतील अशा मंडळांत तो सर्वांत जुना. दोनच वर्षांनी वॉशिंग्टनमध्ये घडलेल्या घटनेने या प्रश्नाला सार्वजनिक स्वरूप आले. नोव्हेंबर १८९७ मध्ये इटलीच्या वकिलातीशी संबंधित काउंट द वेक्ची यांनी बाजारातून विकत घेतलेली अळंबी खाल्ली आणि त्यांचा मृत्यू झाला. त्यांच्यासोबत जेवलेले डॉक्टर वाचले. ते अळंबे अमॅनिटा मस्कॅरिया, म्हणजे फ्लाय ॲगॅरिक, असल्याचा निष्कर्ष कृषिखात्याचे वनस्पतिशास्त्रज्ञ फ्रेडरिक कॉव्हिल यांनी काढला व १८९८ मध्ये खात्याने त्यावर परिपत्रक प्रसिद्ध केले. काउंट स्वतःला या विषयातील जाणकार समजत असत. इटलीत आवडीने खाल्ले जाणारे ‘सीझरचे अळंबे’ आणि फ्लाय ॲगॅरिक यांत वरवर पाहता साम्य आहे, हे येथे ध्यानात घ्यावे लागेल.

याच काळात कॅप्टन चार्ल्स मॅकिल्वेन यांनी वेगळा मार्ग धरला. यादवी युद्धात लढलेल्या या गृहस्थांनी शेकडो जाती स्वतः खाऊन पाहिल्या आणि १९०० मध्ये सातशेहून अधिक पानांचा ‘वन थाउजंड अमेरिकन फंजाय’ हा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यांच्या धैर्याविषयी शंका नाही, आणि अमेरिकेत अनेक जाती निष्कारण बदनाम झाल्या होत्या हेही त्यांनी दाखवले. तथापि एका माणसाच्या पोटाला प्रमाण मानण्याची ही पद्धत मूलतः सदोष होती. विसाव्या शतकातील काही घटनांनी तो दोष स्पष्ट केला.

त्यांतली पहिली घटना जर्मनीतली. युलियस शेफर हे नामांकित कवकशास्त्रज्ञ १९४४ मध्ये पॅक्सिलस इन्व्होल्युटस हे अळंबे खाल्ल्यानंतर वारले. मध्य व पूर्व युरोपात ते पिढ्यान्‌पिढ्या शिजवून खाल्ले जात होते. पुढील संशोधनातून असे दिसले की, हे अळंबे वारंवार खाणाऱ्या काहींच्या रक्तात त्याविरुद्ध प्रतिपिंडे तयार होतात आणि एखाद्या दिवशी तांबड्या पेशींचा नाश सुरू होतो. म्हणजे ‘आजवर खात आलो, काही झाले नाही’ हे वाक्य येथे सुरक्षिततेचा पुरावा नसून धोक्याची पूर्वतयारी ठरते.

पोलंडमध्ये १९५२ मध्ये शंभरावर लोक आजारी पडले व काही दगावले. कारण होते कॉर्टिनेरियस ओरेलॅनस. स्टॅनिस्वाव्ह ग्झिमाला यांनी त्याचा छडा लावला तोवर ही जात निरुपद्रवी समजली जात होती. तिचे विष मूत्रपिंडावर आघात करते, पण लक्षणे दिसायला तीन दिवसांपासून दोन आठवड्यांहून अधिक काळ लागतो. दोन आठवड्यांपूर्वीच्या जेवणाशी आजाराचा संबंध कोण जोडणार ? तिसरी घटना अलीकडची. फ्रान्समध्ये आवडीने खाल्ल्या जाणाऱ्या ट्रायकोलोमा इक्वेस्ट्रे या पिवळ्या अळंब्याने १९९२ ते २००० या काळात बारा जणांच्या स्नायूंचा गंभीर ऱ्हास झाला व तिघे दगावले, असे २००१ मध्ये प्रसिद्ध झाले. सर्वांनी ते लागोपाठच्या जेवणांत खाल्ले होते. पुढे त्याच्या विक्रीवर बंदी आली.

या तिन्ही प्रकरणांत केवळ अनुभवाने काहीच कळले नसते. बरीच माणसे, बरीच वर्षे आणि जपून ठेवलेल्या नोंदी यांशिवाय असे विष हाती लागत नाही. मंडळांची मर्यादाही येथेच दिसते : नाव अचूक ठरवले तरी ‘खाद्य’ हा शेरा कायमचा नसतो, आणि मंडळांच्या जुन्या भोजनांत आज कोणी वाढणार नाही अशा जाती वाढल्या गेल्या. स्वित्झर्लंडने या कामी शासनाला गुंतवले. तेथे गावोगावी नेमलेले तपासनीस लोकांच्या टोपल्या पाहून देतात, आणि त्यांची संघटना १९२५ पासून आहे. फ्रान्समध्ये हे काम औषधविक्रेत्यांकडे आले. त्यांच्या शिक्षणातच अळंब्यांची ओळख समाविष्ट होती. इंग्लंड-अमेरिकेत मात्र भार मंडळांवरच राहिला.

न्यूयॉर्क :

न्यूयॉर्कमधील जुने मंडळ बंद पडले होते. १९६२ मध्ये ते पुन्हा उभे केले, त्यांत संगीतकार जॉन केज प्रमुख होते. न्यूयॉर्कबाहेर स्टोनी पॉइंट येथे राहायला गेल्यावर त्यांना रानातील अळंब्यांचा नाद लागला. तेथील निष्णात निसर्गअभ्यासक गाय निअरिंग हे त्यांचे मार्गदर्शक. १९५९ मध्ये दोघांनी न्यू स्कूल या संस्थेत अळंबी ओळखण्याचा वर्ग चालवला; वर्गाचा मोठा भाग रानात पायी फिरण्याचा असे. त्याच वर्षी इटलीच्या दूरचित्रवाणीवरील प्रश्नमंजूषेत अळंब्यांवरील प्रश्नांची उत्तरे देऊन केज यांनी पन्नास लाख लिरांचे बक्षीस मिळवले. संगीतापासून त्या काळी त्यांची मिळकत तुटपुंजी होती, हे लक्षात घेता कवकशास्त्राने संगीताला पोसले असे म्हणायला हरकत नाही. वर्गातील मंडळींतूनच नव्या सोसायटीचा गाभा तयार झाला.

छायाचित्रांच्या युगात तरी मंडळांची गरज संपेल असे वाटले होते. रॉजर फिलिप्स यांचे १९८१ मधील पुस्तक याचे चांगले उदाहरण. त्यात एकाच जातीची निरनिराळ्या वयांची अळंबी, उभी कापलेली, एका पानावर मांडून टिपलेली आहेत. हेरफर्डचे टेबलच जणू कागदावर उतरले. तरीही २००८ मध्ये स्कॉटलंडमध्ये कादंबरीकार निकोलस एव्हान्स व त्यांच्या कुटुंबीयांनी कॉर्टिनेरियस वंशातील विषारी अळंबी खाद्य समजून खाल्ली. एव्हान्स यांची मूत्रपिंडे निकामी झाली आणि २०११ मध्ये मुलीने दिलेल्या मूत्रपिंडाचे त्यांच्यावर आरोपण झाले. टोपलीत काय आहे हे दुसऱ्या कोणीतरी पाहिले असेल, असा घरातील प्रत्येकाचा समज होता.

ऑगस्ट २०२३ मध्ये न्यूयॉर्कच्या याच सोसायटीने लोकांना एक जाहीर इशारा दिला. रानातील खाद्य वनस्पती व अळंबी यांवरील काही पुस्तके संगणकीय कृत्रिम बुद्धिमत्तेने तयार करून ऑनलाइन दुकानांत विकली जात असल्याचे दिसत होते. ज्या लेखकांनी प्रत्यक्ष रान पाहिले आहे अशा माहितीतल्या लेखकांचीच पुस्तके घ्यावीत, नाहीतर जिवाशी गाठ आहे, असा त्या इशाऱ्याचा आशय होता. सोसायटीच्या साप्ताहिक पायी फेऱ्या चालूच आहेत. फेरीअखेर सभासद गोळा केलेले सर्व काही एकत्र मांडतात आणि ज्याला ओळखता येईल तो नाव सांगतो.